दिवस भरण्यापूर्वीची प्रसूती : वाचकांचे प्रश्न

गर्भारपणातील तपासण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. गर्भारपणाचे सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी होणाऱ्या प्रसूतीला मुदतपूर्व प्रसूती म्हणतात. २०२० या वर्षी जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अशी अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि त्यांतील ३० लाख एकट्या भारतातील होती.

प्रश्न : माझी पहिली प्रसूती बत्तिसाव्या आठवड्यात झाली. लघवीत जंतू होते, हे नंतर अहवालावरून कळले. मला मात्र जळजळ, ताप असे काहीच होत नव्हते. मुलगा आता तीन वर्षांचा असून प्रकृतीने चांगला आहे. मला पुन्हा दिवस गेले आहेत आणि नववा आठवडा चालू आहे. या वेळी आतापासून काय करावे? (कोल्हापूर)

उत्तर : आपण नवव्या आठवड्यातच विचारलेत हे उत्तम झाले, कारण या बाबतीत जे करता येते त्यातील बरेचसे पहिल्या पाच महिन्यांतच करावे लागते.

प्रथम लघवीविषयी. लघवीत जंतू आहेत पण त्रास काहीच नाही, अशी स्थिती शंभर गर्भवतींपैकी दोन ते दहा जणींत आढळते. गर्भारपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांच्यावर दाब येतो आणि लघवी साचून राहते. त्यामुळे एरवी मूत्राशयात निमूट राहिले असते असे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. उपचार न केल्यास अशा शंभर स्त्रियांपैकी साधारण वीस ते तीस जणींना पुढे मूत्रपिंडाचा दाह होतो, हुडहुडी भरून ताप येतो, आणि त्या तापाच्या पाठोपाठ कळाही सुरू होऊ शकतात. वेळेवर उपचार केल्याने मूत्रपिंडाचा दाह टळतो, हे पक्के सिद्ध झालेले आहे. मुदतपूर्व प्रसूतीही कमी होते असे अभ्यास दाखवतात, मात्र त्या पुराव्याचे बळ पहिल्याइतके नाही. तरीही इतक्या स्वस्त तपासणीतून एवढा लाभ मिळणाऱ्या गोष्टी आमच्या शास्त्रात फार थोड्या आहेत.

ही तपासणी म्हणजे लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नुसती साधी तपासणी होते, अहवालात ‘पस सेल्स’चा (पू-पेशींचा) आकडा येतो आणि त्यावरूनच औषध दिले जाते किंवा दिले जात नाही. हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो: जंतू असूनही पस सेल्स कमी असू शकतात, आणि अंगावरून जाणारा स्राव नमुन्यात मिसळला तर जंतू नसतानाही तो आकडा वाढतो. म्हणून पहिल्या भेटीतच, शक्यतो बारा ते सोळा आठवड्यांच्या सुमारास, एकदा कल्चर करून घ्यावे. नमुना घेण्याची पद्धत येथे फार महत्त्वाची आहे. औषधाची रिकामी बाटली धुऊन तीत नमुना नेऊ नये. प्रयोगशाळेतून मिळणारी निर्जंतुक डबीच वापरावी. जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवावी, लघवीची पहिली धार जाऊ द्यावी, मधली धार डबीत धरावी आणि डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. नमुना तास-दोन तासांत पोहोचवणे शक्य नसेल तर तो फ्रिजमध्ये ठेवावा. उन्हाळ्यात दुपारभर पिशवीत राहिलेल्या नमुन्यात इतके जंतू वाढतात की त्या अहवालाला काही अर्थ उरत नाही.

कल्चरमध्ये जंतू निघाले तर त्यांच्यावर कोणते औषध चालते हे त्याच अहवालात असते. गर्भारपणात चालणाऱ्या औषधांपैकी योग्य ते निवडून सामान्यतः सात दिवसांचा क्रम देतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही सात दिवसांचीच आहे. त्रास मुळातच नसल्यामुळे अनेक जणी तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडतात. आपण तसे करू नये, आणि क्रम संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करावे. ज्यांच्या लघवीत एकदा जंतू निघाले, त्यांना ते पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो.

आता लघवीपलीकडचे पाहू. एकदा मुदतपूर्व प्रसूती झालेल्या स्त्रीला ती पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि पहिल्या वेळी लघवीत जंतू होते म्हणून तेच एकमेव कारण होते असे धरून चालता येत नाही. पहिल्या प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि नेमके काय घडले ते आठवून सांगा: आधी कळा सुरू झाल्या, की कळांशिवाय पाणी गेले, की रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनीच प्रसूती लवकर करवली? या तीन गोष्टींना उपाय वेगवेगळे आहेत. कळा किंवा पाणी जाणे आधी झाले असेल, तर साधारण सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांदरम्यान योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. ही तपासणी दुखत नाही आणि बाळाला तिचा धोका नाही. लांबी २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरल्यास योनीमार्गात ठेवण्याचे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देतात, आणि आपल्यासारखा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रीला पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याचाही विचार होतो. हा टाका जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘शिरोडकर टाका’ म्हणून शिकवला जातो. गोव्यात शिरोडा येथे जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये तो मांडला. आज बहुतेक ठिकाणी त्यानंतर आलेला मॅकडोनाल्ड यांचा सोपा प्रकार वापरतात, तरी रुग्ण आणि नातेवाईक ‘शिरोडकर’च म्हणतात, याचे मला नेहमी बरे वाटते.

आठवड्याला एक घेण्याच्या हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या इंजेक्शनाविषयी आपल्याला कोणी सुचवले, तर एवढे लक्षात असू द्या की लाभ सिद्ध न झाल्यामुळे अमेरिकेत त्याची मान्यता २०२३ मध्ये काढून घेण्यात आली. आपल्याकडे ते अजूनही सर्रास लिहून दिले जाते.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे आणि अंगावरून पांढरे जाते. ओळखीच्या एकीने सांगितले की टॉर्च तपासणी (गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची एकत्रित रक्ततपासणी) करा आणि संसर्ग नको म्हणून आधीच अँटिबायोटिक्सचा कोर्स घ्या, म्हणजे बाळ लवकर होणार नाही. खर्चाची चिंता नाही, पण हे बरोबर आहे का? (लातूर)

उत्तर : दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. सुनेची तपासणी मात्र करून घ्या.

गर्भारपणात पांढरा किंवा दुधाळ, वास नसलेला स्राव वाढणे हे स्वाभाविक आहे. स्रावाला माशासारखा वास येत असेल, तो पिवळसर-हिरवट आणि फेसाळ असेल, दह्याच्या कवड्यांसारखा असून खाज असेल, किंवा पाण्यासारखा पातळ आणि सतत कपडे भिजवणारा असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. यांतील शेवटचा प्रकार सर्वांत तातडीचा आहे, कारण ते गर्भजल असू शकते. ‘पांढरे जाणे’ हा विषय आपल्याकडे सांगण्यासारखा मानला जात नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत केलेल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. आपण सुनेच्या वतीने पत्र लिहिलेत, याचे म्हणूनच मोल वाटते. फक्त डॉक्टरांकडे तिला स्वतःला बोलू द्यावे.

आता प्रतिबंधक अँटिबायोटिक्सविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण हा समज डॉक्टरांमध्येही आहे. योनीमार्गातील हितकारक जंतू कमी होऊन इतर जंतू वाढण्याच्या स्थितीला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, आणि ती असलेल्या स्त्रियांत मुदतपूर्व प्रसूती अधिक होते, हे अनेक वर्षांपासून माहीत आहे. त्यावरून सर्व गर्भवतींची तपासणी करून, त्रास नसला तरी औषध द्यावे, म्हणजे प्रश्न सुटेल, असे वाटणे साहजिक होते. फ्रान्समध्ये हजारो गर्भवतींची अशी तपासणी करून क्लिंडामायसिन देऊन पाहिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मुदतपूर्व प्रसूती कमी झाली नाही. ट्रायकोमोनास या जंतूच्या बाबतीत, लक्षणे नसलेल्या गर्भवतींना मेट्रोनिडॅझोल देणाऱ्या अमेरिकेतील चाचणीत औषध घेतलेल्या गटातच लवकर प्रसूती जास्त झाल्या. आणि ब्रिटनमधून चाललेल्या ‘ओरॅकल’ या मोठ्या चाचणीत, पाणी गेलेले नसताना कळा लवकर सुरू झालेल्या स्त्रियांना अँटिबायोटिक्स दिली होती. त्यांची मुले सात वर्षांची झाल्यावर पाहणी केली तेव्हा औषध मिळालेल्या गटांत सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणाऱ्या अपंगत्वाचे) प्रमाण अधिक निघाले.

याचा अर्थ अँटिबायोटिक्स वाईट असा नव्हे. दिवस भरण्याआधी पाणी गेले असेल, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू निघाले असतील, किंवा स्रावाचा त्रास असून तपासणीत कारण सापडले असेल, तर ती अवश्य घ्यावीत. कारणाशिवाय, ‘सुरक्षेसाठी’ म्हणून मात्र घेऊ नयेत.

टॉर्च या एकत्रित तपासणीतून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तीत बहुधा पूर्वी कधी तरी होऊन गेलेल्या संसर्गाच्या खुणा सापडतात, घरात घबराट होते आणि पुढच्या तपासण्यांचे सत्र सुरू होते. ताप-पुरळ आले असेल किंवा सोनोग्राफीत काही विशिष्ट दोष दिसला असेल, तरच तिचा विचार व्हावा. त्याऐवजी सुनेची सिफिलिसची तपासणी झाली आहे का, ते कार्डवर पाहा. सरकारी केंद्रात एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची तपासणी विनामूल्य होते, हेपटायटिस बीचीही करून घ्यावी. सिफिलिसचे नाव काढले की ‘आमच्या घरात तसले काही नाही’ असे उत्तर येते. पण उपचाराविना राहिलेला सिफिलिस गर्भ पोटात दगावण्याचे, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे आणि बाळाला जन्मतः आजार होण्याचे कारण ठरतो, आणि त्यावर बेंझाथिन पेनिसिलिन हे जुने, स्वस्त इंजेक्शन आजही गुणकारी आहे. तपासणीत तो निघालाच, तर नवऱ्यालाही उपचार द्यावा लागतो, नाही तर संसर्ग पुन्हा होतो.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या गावातून दिवाळीच्या आगेमागे कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या) ऊसतोडीला जातात आणि त्यांत दरवर्षी गर्भवती बायका असतात. त्या परत येतात तेव्हा कुणाचे सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपण होऊन गेलेले असते. त्या जाण्याआधी आम्ही काय करावे? (बीड जिल्हा)

उत्तर : ताई, फडावर पहाटेपासून वाकून तोडणी करायची, मोळ्या डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत न्यायच्या, आडोसा नसल्यामुळे दिवसभर लघवी धरून ठेवायची आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे, या सगळ्याचा परिणाम गर्भावर होतो. जड कष्ट आणि लघवीचा संसर्ग, दोन्ही मुदतपूर्व प्रसूतीशी जोडलेले आहेत. उचल घेतलेल्या बाईला ‘काम करू नको’ असे सांगून काही साधत नाही, याची मला कल्पना आहे. मोळ्या उचलण्याऐवजी तिला तोडणीचे किंवा वाढे (उसाचे शेंडे) बांधण्याचे काम द्यावे, एवढे मुकादमाशी बोलून पदरात पाडता आले तरी करावे.

टोळी निघण्यापूर्वी गावातील सर्व गर्भवतींची एक तपासणी झालीच पाहिजे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. जाण्याआधीची ही तारीख चुकू देऊ नका. त्या दिवशी रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने आणि साखर, एचआयव्ही व सिफिलिस, आणि शक्य तेथे लघवीचे कल्चर व्हावे. सोनोग्राफी झाली नसेल तर दिवसांचा हिशेब पक्का करण्यासाठी ती लवकरात लवकर करवा. पाळीची तारीख आठवत नसली की सातवा महिना की आठवा, हेच पुढे कुणाला सांगता येत नाही आणि उपचारांचा निर्णय अडतो. लोह-फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या परतीपर्यंत पुरतील इतक्या बरोबर द्या. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याच जवळ राहील असे बघा, आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव त्यावर लिहून ठेवा. दुसऱ्या जिल्ह्याचे किंवा कर्नाटकात गेल्यास दुसऱ्या राज्याचे कार्ड आहे, म्हणून सरकारी केंद्राने तपासणी नाकारण्याचे कारण नाही.

मिश्रीविषयी अवश्य बोला. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, भूक मरते म्हणून बरी, असे बायका सांगतात. तंबाखू खाणे वेगळे आणि मिश्री वेगळी, असाही समज आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि हिरड्यांतून निकोटिन सरळ रक्तात जाते. मुंबईत बाराशेहून अधिक गर्भवतींचा मागोवा घेऊन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि बत्तिसाव्या आठवड्यापूर्वी प्रसूती होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. एकदम सुटत नसेल तर दिवसातून किती वेळा लावते ते विचारून एक-एक वेळ कमी करायला लावा, आणि त्याच घरातली सासू मिश्री लावत असेल तर तिलाही त्या बोलण्यात घ्या. सून एकटीने सोडणे अवघड असते.

गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात काम करणाऱ्या आशाताईंनी यात एक भर घालावी. गर्भवतीला ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी, आणि रोज मच्छरदाणी. वारेत साठलेला फाल्सिपॅरम हिवताप बाळाची वाढ रोखतो आणि दिवस भरू देत नाही.

प्रश्न : पत्नीला चौथा महिना आहे, पहिलीच वेळ आहे. घरचे म्हणतात नोकरी सोडून झोपून राहा. तिच्या मैत्रिणीला डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली आहे, हिला दिलेली नाही. (पुणे)

उत्तर : झोपून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते, असे कोणत्याही चाचणीत दिसलेले नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्या होणे, स्नायू अशक्त होणे आणि मन खचणे हे मात्र दिसलेले आहे. डॉक्टरांनी विशिष्ट कारण सांगून विश्रांती दिली नसेल, तर पत्नीने नोकरी आणि चालणे दोन्ही चालू ठेवावे. तिच्या दातांच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे न्या. हिरड्यांच्या उपचाराने प्रसूती लांबते असे सिद्ध झालेले नाही, पण हे उपचार गर्भारपणात सुरक्षित आहेत आणि हिरड्या तर सुधारतात.

ॲस्पिरिनची चौकशी योग्य आहे. पहिलटकरणींना सहाव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू करण्याची चाचणी सहा देशांत झाली. भारतातील तिची दोन केंद्रे नागपूर आणि बेळगाव ही होती, आणि जवळजवळ बारा हजार स्त्रिया तीत सहभागी होत्या. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. तरीही सध्याची पद्धत सरसकट देण्याची नाही. रक्तदाब, मधुमेह, जुळे, पूर्वी गर्भारपणात वाढलेला रक्तदाब, असा काही धोका असलेल्यांना ती देतात, आणि मैत्रिणीला बहुधा त्याच कारणाने दिली असावी. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, आणि लवकर विचारा, कारण सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केल्यास उपयोग अधिक होतो. दुकानातून आणून स्वतःहून सुरू करू नका.

प्रश्न : नातीला सातवा लागला आहे. सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही, असे आम्ही ऐकत आलो. खरे आहे का? आणि घरात कशावर लक्ष ठेवावे? (सावंतवाडी)

उत्तर : आजी, हे खरे नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना आणि मेंदूला पक्के करतो, आणि आठव्या महिन्यात जन्मलेले मूल सातव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. या समजुतीपायी सातव्यात कळा सुरू झाल्या तरी ‘होऊ दे’ म्हणून वेळ काढला जातो.

पोट ठरावीक अंतराने कडक होऊन सैल पडणे, कंबर सतत भरून येणे, ओटीपोटात खाली दाब जाणवणे, पाण्यासारखे जाणे, थोडेसुद्धा रक्त दिसणे, किंवा थंडी वाजून ताप येणे, यांतील काहीही झाले तर दिवस उजाडण्याची वाट पाहू नका. चौतिसाव्या आठवड्याच्या आत प्रसूती होण्याची चिन्हे असतील तर आईला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शने बारा-बारा तासांनी चार वेळा देतात. त्यांनी बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, आणि पूर्ण परिणामासाठी साधारण एक दिवस तरी मिळावा लागतो. २०१४ पासूनच्या सरकारी सूचनांनुसार यातील पहिले इंजेक्शन उपकेंद्रातील आरोग्यसेविकाही पुढे पाठवण्यापूर्वी देऊ शकते. लहान बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच नेण्याचा आग्रह धरा, कारण बाळ जन्मल्यावर त्याला हलवण्यापेक्षा पोटात असताना नेणे कधीही सुरक्षित.

१०८ ला फोन करताना ‘सातवा महिना’ असे न सांगता सोनोग्राफीच्या कागदावरून मोजून नेमका कितवा आठवडा आहे ते सांगा, आणि तो कागद नातीच्या कार्डासोबत आजच एका पिशवीत ठेवा.